वळणावर अडखळणारी गाडी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या वाहनतळात गाडी लावताना ती पहिल्यांदा अडखळली. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवायचे आणि पायी चालण्याच्या वेगाने खांबाला वळसा घालून आपल्या जागेत शिरायचे, हे मी रोजच करते. पण त्या संध्याकाळी खांबाजवळ येताच कोणी हँडब्रेक ओढून धरावा तशी गाडी जड झाली, टायर गुळगुळीत फरशीवर कुईं करून घासले आणि दोन हिसके देऊन गाडी पुढे सरकली. हँडब्रेक खालीच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, त्याच खांबाभोवती त्याच वेगाने गाडी फिरवून पाहिली, तर काहीही झाले नाही. आठवडाभरात दुसरे लक्षणही दिसू लागले. ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे गेले की पायांखालून, मधल्या भागातून, बारीक घुमल्यासारखा आवाज येऊ लागला.

गाडी जुनी आहे. सात आसनी, डिझेल, हाताने गिअर टाकण्याची. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या मालकाकडून घेतलेली आणि आता १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली. चारही चाकांना ताकद देणारीच गाडी हवी हा आग्रह माझा होता, कारण मुरबाड तालुक्यातील आमच्या घरापर्यंतचा शेवटचा चढ पावसाळ्यात लाल चिखलाचा होतो आणि पंचाहत्तरीच्या बाबांना तो चालत चढवणे मला मान्य नव्हते. त्यामुळे ही यंत्रणा माझ्यासाठी हौसेची बाब नव्हती.

बिघाड समजण्यासाठी या यंत्रणेची रचना थोडी सांगावी लागेल. आमच्या गाडीत इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून नेहमी मागच्या चाकांकडे जाते. गिअरबॉक्सच्या पाठीला जोडलेली ट्रान्सफर केस ही त्यातील काही वाटा पुढच्या चाकांकडे वळवणारी पेटी असते. तिच्या आत एक रुंद चेन आणि तेलात भिजलेल्या क्लचप्लेटांचा एक संच आहे. मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा जास्त वेगाने फिरू लागली, म्हणजेच घसरू लागली, की कंट्रोलर एका विद्युतचुंबकाला प्रवाह देतो, प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात आणि चेनमार्फत पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे चाकांकडे ताकद नेणारा दांडा, फिरू लागतो. डॅशबोर्डवरचा खटका ‘ऑटो’वर असला की हे सारे आपोआप चालते. जिप्सीसारख्या जुन्या गाड्यांत हेच काम लिव्हरने होते आणि तिथे पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, त्यामुळे त्यांना जास्त फिरावे लागते. शाफ्ट बांधलेले असतील तर हा फरक जिरायला जागा राहत नाही. चिखलात चाक थोडे घसरून तो जिरवते, कोरड्या डांबरावर मात्र गाडी आखडते. म्हणूनच अशा गाड्यांत कोरड्या रस्त्यावर लिव्हर टाकू नये असे सांगतात. माझी गाडी वाहनतळात नेमकी तशीच आखडत होती, म्हणजे सुटायला हव्या त्या वेळी प्लेटा सुटत नव्हत्या. एवढा अंदाज मला घरबसल्या आला होता.

गाडी मी आधी एका अधिकृत सेवा केंद्रात नेली. तिथे स्कॅनर जोडला, बिघाडाचा एकही कोड सापडला नाही, एक फेरी मारली आणि पूर्ण ट्रान्सफर केस बदलण्याचे १ लाख ८५ हजार रुपयांचे अंदाजपत्रक माझ्या हातात ठेवले. पेटीतील तेल पाहिले का, असे मी विचारले. “मॅडम, ते सील असतं, उघडत नाहीत,” असे उत्तर मिळाले. हे बरोबर नव्हते; गाडीच्या माहितीपुस्तिकेत त्या तेलाचा प्रकार आणि मात्रा, १.४ लिटर, स्पष्ट छापलेली आहे. एवढा मोठा भाग कशामुळे बिघडला हे कळल्याशिवाय नवा बसवला, तर तेच कारण त्यालाही खाणार, या भीतीने मी अंदाजपत्रक घेऊन परत आले.

त्यानंतरचे दहा दिवस मी केवळ नोंदी केल्या. आवाज कोणत्या वेगाला येतो, कोणत्या गिअरमध्ये, किती वेळ गाडी चालल्यावर, खटका कुठे असताना, हे सर्व एका वहीत लिहिले. त्यातून दोन गोष्टी हाती लागल्या. घुमणारा आवाज इंजिनच्या फेऱ्यांवर अवलंबून नव्हता: ताशी ६० किलोमीटरला, मागे कोणी नाही हे पाहून, क्लच दाबला आणि इंजिन मंदावू दिले, तरी तो तसाच राहिला आणि गाडीचा वेग उतरला तसाच उतरला. म्हणजे दोष इंजिनात नव्हता, पायाखालच्या क्लचमध्येही नव्हता आणि शोध गाडीच्या वेगाबरोबर फिरणाऱ्या भागांपुरता उरला. दुसरी गोष्ट अशी, की आखडणे कधीही पहिल्या पंधरा मिनिटांत होत नव्हते. माजिवड्याहून गायमुखपर्यंत जाऊन परत आल्यावर मात्र हटकून होई. तापल्यावरच येणारा दोष हा बहुधा तेलाशी किंवा घर्षणाशी निगडित असतो.

एका परिचितांनी रबाळे येथील एका मिस्त्रींचे नाव सुचवले. औद्योगिक वसाहतीत त्यांचा गाळा आहे आणि गेली अनेक वर्षे ते फोर बाय फोर गाड्यांचीच कामे करतात. कळव्याहून ठाणे–बेलापूर रस्त्याने मी गाडी त्यांच्याकडे नेली, वही पुढे ठेवली आणि त्यांनी ती खरोखरच दोन वेळा वाचली. “ताई, दोन दुखणी दिसतात. एकातून दुसरं आलं का, ते बघू. लगेच काही खोलायचं नाही,” एवढेच ते म्हणाले. मिस्त्रीकाकांच्या याच वाक्याने मला धीर आला.

त्यांनी पहिली परीक्षा फ्यूजने केली. गाडी तापवून आणली, गाळ्यासमोरच्या मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून फिरवली, ती आखडली. मग ट्रान्सफर केसच्या कंट्रोलरचा फ्यूज काढून लगेच पुन्हा फिरवली. आता विद्युतचुंबकाला प्रवाह मिळणेच शक्य नव्हते. हिसके निम्म्याहून कमी झाले, पण पूर्ण थांबले नाहीत. याचा अर्थ काकांनी असा लावला, की प्लेटा थोड्या आपणहून चिकटत आहेत आणि शिवाय गरज नसताना त्यांना दाबण्याचा हुकूमही वरून येत आहे. तो हुकूम केव्हा येतो हे पाहण्यासाठी त्यांनी विद्युतचुंबकाच्या तारेला समांतर एक छोटा चाचणी-बल्ब जोडला, त्याची वायर गाडीच्या आत आणली आणि बल्ब माझ्या शेजारी आसनावर ठेवला. फ्यूज परत बसवून आम्ही ठाणे–बेलापूर रस्त्यावर निघालो. त्या दिवशी पाऊस नव्हता, रस्ता सरळ आणि कोरडा होता, चाक घसरण्याचे काहीच कारण नव्हते. ताशी ५० किलोमीटरला बल्ब मंद पेटला आणि तो पेटलेलाच राहिला.

काकांनी तेवढ्यातच विचारले, “टायर कधी बदलले?”

डिसेंबरात गायमुख घाटातील एका खड्ड्यात पुढचा डावा टायर बाजूने फाटला होता. एकाच आसावर दोन वेगळे टायर नकोत म्हणून मी पुढचे दोन्ही नवे घेतले आणि मागचे दोन अजून चालतील असे समजून तसेच ठेवले. टायरच्या दुकानातही कोणी हरकत घेतली नव्हती. दोनच चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत यामुळे असे काही बिघडत नाही. माझ्या गाडीत मात्र हेच बिघाडाचे मूळ ठरले.

त्या रात्री मी आणि बाबांनी वाहनतळात चाके मोजली. चारही टायरांत थंड असताना सारखी हवा भरून घेतली. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर खडूची रेघ मारली, बाबांनी बाहेर उभे राहून फेऱ्या मोजल्या आणि मी गाडी सरळ, अगदी सावकाश पुढे नेली. एका फेरीत एखाद्या सेंटिमीटरची चूक सहज होते, म्हणून पाच फेऱ्यांचे अंतर टेपने मोजले. पुढचे चाक पाच फेऱ्यांत ११.१९ मीटर गेले, मागचे ११.०२ मीटर. म्हणजे एका फेरीत ३.४ सेंटिमीटरचा फरक. टायरच्या खाचांची खोली पाहिली, तर पुढे ८ मिलिमीटर आणि मागे जेमतेम अडीच. त्रिज्येत साडेपाच मिलिमीटरचा फरक असेल, तर परिघात सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा पडतो. दोन्ही मापे एकमेकांशी जुळली.

हा फरक मी कागदावर मांडला, तेव्हा त्याचे गांभीर्य मला पहिल्यांदा जाणवले. पुढची चाके एका किलोमीटरला ४४७ फेऱ्या घेतात, मागची ४५४. दर किलोमीटरला जवळजवळ सात फेऱ्या जास्त. ठाण्याहून पुण्याला जाणे म्हणजे साधारण दीडशे किलोमीटर, आणि तेवढ्या प्रवासात मागची चाके पुढच्यांपेक्षा हजाराहून अधिक वेळा जास्त फिरतात. कंट्रोलरला टायर दिसत नाहीत, त्याला केवळ चाकांचा वेग कळतो. मागची चाके सतत थोडी जास्त फिरत आहेत, म्हणजे ती घसरत आहेत, असे समजून तो सहा महिने प्लेटांवर दाब देत राहिला, आणि दोन शाफ्टांमधला तो फरक त्या प्लेटा घासून घासून जिरवत राहिल्या. त्यात पावसाळ्याच्या धास्तीने मी खटका नेहमी ‘ऑटो’वरच ठेवत होते.

दुसऱ्या भेटीत तेल पाहिले. येथे काकांचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटला. तेल सोडायच्या नटाला हात लावण्यापूर्वी ते वरचा, तेल भरायचा नट सैल करून पाहतात. कारण तो गंजून बसला असेल आणि आपण खालचे तेल आधीच सोडून दिले, तर गाडी तिथेच अडकते. वरचा नट निघाल्यावर त्यांनी करंगळी आत घालून वाकवली. तेल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवे, पण बोट कोरडेच बाहेर आले. मग खालचा नट उघडला आणि निघालेले तेल मापाच्या भांड्यात धरले. ते जेमतेम ७०० मिलिलिटर भरले, म्हणजे निम्मे. मुळात लाल असणारे ते तेल काळपट तपकिरी झाले होते आणि त्याला करपट वास येत होता. नटाच्या टोकाला लोहचुंबक असते. त्याच्यावर राखाडी, लोण्यासारखा बारीक थर जमणे स्वाभाविक मानतात. आमच्या नटावर त्या थरातून सुईच्या टोकाएवढे चकचकीत कण उभे राहिलेले दिसत होते. काकांनी तो नट पांढऱ्या कागदावर पुसला, कागद उन्हात तिरका धरला आणि म्हणाले, “हे बेअरिंग बोलतंय.”

उरलेले तेल गेले कुठे, हेही तिथेच कळले. पेटीच्या वरच्या अंगाला हवा येण्याजाण्यासाठी एक बारीक नळी असते. तिचे तोंड वाळलेल्या चिखलाने बंद झाले होते. गेल्या पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून मी दोनदा गाडी काढली होती. चिखल बहुधा तेव्हाचाच. नळी बंद असली की तापलेल्या पेटीतील हवेला वाट राहत नाही, दाब वाढतो आणि तेल ऑइल सीलच्या ओठांतून बाहेर पडू लागते. मागच्या शाफ्टभोवती पेटीचे तोंड ओलसर, धुळीने माखलेले होते. तळाला संरक्षक पत्रा असल्यामुळे जमिनीवर कधी डाग पडला नाही आणि मला शंकाही आली नाही.

आवाजाची जागा पक्की करण्यासाठी पेटीत तात्पुरते तेल भरून गाडी चारही चाके अधांतरी राहतील अशी लोखंडी घोड्यांवर चढवली, खटका ‘टू एच’वर, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद देण्यावर, ठेवला आणि पुढचा शाफ्ट सोडवून बाजूला केला. सोडवण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकत्यांवर, पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली, म्हणजे तो परत होता तसाच बसेल आणि थरथर येणार नाही. पुढचा शाफ्ट नसतानाही आवाज आलाच. त्यामुळे पुढचा डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी, निर्दोष ठरला. काकांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक पेटीवर ठेवून मूठ कानाला लावली, जागा बदलत बदलत ऐकले आणि मागच्या तोंडाशी थांबले. मलाही ऐकवले. इतर ठिकाणी एकसारखी सळसळ होती, आणि त्या जागी वाळूत काही घोळवावे तशी खरखर.

पेटी उतरवण्याचे काम अर्ध्या दिवसाचे होते आणि त्याविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही. संरक्षक पत्र्याचे गंजलेले बोल्टच सर्वांत जास्त वेळ खाऊन गेले. दोन भाग उघडल्यावर मात्र सगळा हिशेब समोर आला. क्लचच्या लोखंडी प्लेटांवर निळसर डाग पडले होते, ते अति उष्णतेचे. घर्षणाचे अस्तर काळे आणि काचेसारखे गुळगुळीत झाले होते. चेन काढून, काकांनी गाळ्यात असलेली त्याच मापाची नवी चेन शेजारच्या खिळ्याला टांगली, तेव्हा जुनी चेन नवीपेक्षा सुमारे ६ मिलिमीटर जास्त लांब भरली. चेन अजून वर्षभर चालली असती, असे ते प्रामाणिकपणे म्हणाले. पेटी एकदा उघडलीच आहे तर तीही बदलावी, हा निर्णय माझा.

मागचे बेअरिंग पुलरने काढून रॉकेलमध्ये धुतले. धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवून सुकवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते, पण कोरडे बेअरिंग तसे फिरवले तर त्याच्या गोळ्या आणि पट्टी ओरखडतात. काकांनी ते फडक्यावर ठेवून सुकू दिले. मग आतली कडी दोन बोटांत धरून बाहेरची हळूच फिरवायला सांगितले. एका जागी बोटाला अडल्यासारखे जाणवे, तिथून पुढे गेले की पुन्हा मऊ. भिंगातून पाहिल्यावर गोळ्यांच्या पट्टीत खसखशीएवढे खड्डे दिसले.

बेअरिंगवर ६२०८ असा आकडा कोरलेला होता. हे आकडे जगभर सारखे असतात: शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतला व्यास मिळतो, म्हणजे येथे ४० मिलिमीटर, बाहेरचा ८० आणि जाडी १८. पुढे सी ३ असे लिहिले होते, म्हणजे आत नेहमीपेक्षा थोडी अधिक मोकळीक, जी तापणाऱ्या जागेसाठी ठेवतात. हा आकडा माहीत असेल तर गाडीच्या कंपनीच्या खोक्यातीलच बेअरिंग हवे असा अट्टहास करावा लागत नाही. मी लोकलने मशीद स्थानकावर उतरून नागदेवी स्ट्रीटवर गेले आणि नामांकित बनावटीचे बेअरिंग पक्क्या बिलासह आणले. क्लचप्लेटांचा संच यायला मात्र तीन आठवडे लागले.

बसवण्याच्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली. नवे बेअरिंग काकांनी तेलाच्या भांड्यात सुमारे ९० अंशांपर्यंत तापवले. तापल्यावर आतली कडी किंचित प्रसरण पावते. चिमट्याने उचलून त्यांनी ते शाफ्टवर ठेवले आणि ते हातोड्याचा एकही घाव न घालता, टक् असा हलका आवाज करून, आपल्या जागी जाऊन बसले. नव्या घर्षणप्लेटा आदल्या रात्रीपासून नव्या तेलात भिजत ठेवल्या होत्या. ऑइल सीलच्या ओठाला तेल लावून मगच सील बसवले. दोन्ही भागांच्या कडा पुसून पूर्ण कोरड्या केल्या, सीलंटची एकसारखी बारीक रेघ ओढली, बोल्ट आमनेसामने या क्रमाने टॉर्क पान्याने आवळले आणि तेल दुसऱ्या दिवशी सकाळी भरले, कारण सीलंट वाळण्याआधी तेल लागले तर तो धरत नाही. गाडी सपाट उभी असताना वरच्या भोकातून तेल परत ओघळू लागेपर्यंत भरले. हवेची नळी नवी घेऊन ती इंजिनच्या बाजूला उंचावर बांधली.

खर्च असा झाला: चेन १४,०००, प्लेटा ११,५००, बेअरिंग आणि सील ३,२००, तेल १,४००, मजुरी ९,०००, एकूण ३९,१००. मागचे दोन टायर वेगळे, पुढच्याच बनावटीचे आणि त्याच मापाचे. पुढचे टायर तोपर्यंत थोडे झिजलेले होते, पण खडू आणि टेपने पुन्हा मोजले तेव्हा पाच फेऱ्यांतील फरक तीन सेंटिमीटरच्या आत आला. त्यानंतर बल्ब पुन्हा जोडून आम्ही त्याच रस्त्यावर गेलो. सरळ रस्त्यावर तो पेटला नाही. रबाळ्याजवळ खडी पसरलेल्या कडेला मी मुद्दाम जोरात गाडी उचलली, तेव्हा क्षणभर उजळला आणि विझला.

एक काळजी मी तेव्हापासून घेते. गाडी कधी बंद पडली किंवा उचलून न्यावी लागली, तर ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी असे मी घरच्यांना सांगून ठेवले आहे. पुढची दोन चाके उचलून आणि मागची रस्त्यावर फरफटत नेल्यास मागचा शाफ्ट फिरत राहतो, आणि इंजिन बंद असताना आतल्या भागांना तेल पोहोचेलच याची खात्री नसते.

ऑगस्टमध्ये बाबांना घेऊन गावी गेले. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी पाऊस कोसळत होता. मी खटका ‘ऑटो’वरच ठेवला, पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली, अर्ध्या चढावर मागची चाके घसरली आणि पुढचा भाग ओढला गेल्याचे हाताला स्टीअरिंगमधून कळले. बाबा अंगणात, पायरीला लागून उतरले.

१,००० किलोमीटर झाल्यावर ठरल्याप्रमाणे तेल पुन्हा काढले. नवे भाग एकमेकांशी बसताना जी भुकटी सुटते, ती निघून जावी एवढ्यासाठी. मापाच्या भांड्यात पूर्ण १.४ लिटर भरले, रंग लाल होता. काकांनी नट पांढऱ्या कागदावर पुसला आणि कागद दाराशी उजेडात नेला. राखाडी डाग होता, चकाकी कुठेच नव्हती. तो कागद मी मागून घेतला आणि पहिल्या कागदाशेजारी, तारीख घालून, वहीत चिकटवला.